चार नंबरच्या खोलीतला एक

१

शीतगृहाच्या पॅनेलवर बसणाऱ्या माणसाला एकच गोष्ट यावी लागते. बसणं. ती मला येते. शाळेत मी फार टिकलो नाही, खुर्चीवर टिकलो. मालक बदलले, मी बदललो नाही.

आधी कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लांबलचक पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगाला सफरचंदं साठवायच्या खोल्या, आणि एका टोकाला माझी पॅनेलची खोली. थंडावा अमोनियाचा. अमोनिया सुटला तर विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून कुठल्या खोलीत किती माणसं आहेत हे पॅनेलवर कायम दिसायला हवं. प्रत्येक दारात कमरेनं ढकलून जायचा एक लोखंडी दांडा आहे. त्याला आम्ही फिरकी म्हणतो. आत गेलं की टक, आकडा वाढतो. बाहेर आलं की टक, आकडा उतरतो. पॅनेलच्या खोलीलाही पॅसेजच्या बाजूला एक आणि अंगणाच्या बाजूला एक अशा फिरक्या आहेत. तिथे माझा एक कायमचा. हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. जाड काचेचा मॉनिटर, काळ्यावर हिरवी अक्षरं.

नियम दोनच. पडद्यावर शून्य दिसल्याशिवाय आणि आत हाक मारल्याशिवाय खोलीचं दार लावायचं नाही. आणि खोलीत माणूस असेल तोवर पॅनेलची खुर्ची मोकळी सोडायची नाही.

माझ्या हातून आजवर एकही माणूस आत राहिलेला नाही. हे मी मान वर करून सांगतो.

२

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर पडदा गेला. आधी वास आला, मग पेटीमागून धूर, मग अक्षरं विझली. डिस्प्ले कार्ड जळालं होतं. कॉम्प्युटर जे बोलतो ते पडद्यावर उमटवायचं काम त्या कार्डाचं. कॉम्प्युटर धडधाकट होता, नुसता मुका झाला होता.

मालक तरुण आहेत. म्हणाले, "काका, टाका भंगारात. हंगाम संपला की सगळंच नवीन घेऊ."

"आणि तोवर माणसं कशावर मोजू? बोटांवर?"

तसलं कार्ड आता कुठे मिळत नाही.

माझ्या धाकट्या मुलीला असल्या उचापतींची हौस. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. नोकरीवरून आली की ती टेबलावर कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर उघडून बसते. तिनं जळकं कार्ड नेलं, आणि काही दिवसांनी जे आणून पॅनेलवर ठेवलं ते बघून मला हसू आलं. जुनं कार्ड हातभर लांब, काळ्या चिपांनी खच्चून भरलेलं. हिचं जवळजवळ रिकामं. मधोमध नखाएवढी एक चिप.

"बाकीचं कुठे सांडलंस?"

"सगळं या एकीतच आहे, बाबा. हा मायक्रोकंट्रोलर. हा जुन्या कार्डाचं सोंग घेतो. कॉम्प्युटरला वाटतं, जुनंच बसलंय."

"म्हणजे फसवायचं."

"फसवायचं काय त्यात? नक्कल आहे. अक्षरांची वळणंसुद्धा मी जळक्या कार्डातून काढून घेतलीत. तुमच्या शून्याच्या पोटातला ठिपका तसाच्या तसा येईल, बघा."

"मनाचं काही दाखवणार नाही ना?"

"त्याला मन कुठंय? ऐकेल ते दाखवेल."

मागे मुकादम उभा होता. हमालांवर त्याची हुकमत, त्याच्या जिभेवर कुणाचीच नाही. म्हणाला, "ताई, या म्हाताऱ्याचीपण एक नक्कल करा की. नखाएवढीच. ओरडायला लागली की खिशात घालता येईल."

"तू आधी फिरकी नीट ढकलायला शीक," मी म्हणालो. "पोटानं ढकलतोस. तुझे दोन मोजले जातात."

पडदा लागला. तोच हिरवा, ठिपका जागच्या जागी. मी धाकटीला 'बरं आहे' म्हणालो. माझ्याकडून एवढं मिळालं की पुष्कळ, हे तिला ठाऊक आहे.

३

चार नंबरची खोली तेव्हा रिकामी होती. नवा माल भरण्याआधी ती धुऊन घेतली. हमाल बाहेर आले. दार लावायला म्हणून मी उठलो आणि सवयीनं पडद्याकडे पाहिलं.

चार नंबरसमोर एक होता.

"मुकादम, माणसं मोज."

त्यानं मोजली. सगळी बाहेर होती. पॅसेजमध्ये उभं राहून हात पुसत होती.

"तुझं पोट आत राहिलं असेल," मी म्हणालो, पण हसलो नाही. मुकादमाला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गेलो. फिरकी ढकलली. टक.

"दोन झाले!" मुकादम तिकडून ओरडला.

रिकामी खोली दारातून आरपार दिसते. चार भिंती, छताला पंखे, ओली फरशी. लपायला जागा नाही. तरी मी टोकापर्यंत चालत गेलो. मागच्या भिंतीला हात लावून परत आलो.

"एक!"

नियमाप्रमाणे दारात उभं राहून हाक मारली. आहे का कुणी, दार लावतोय.

रिकामी खोली हाक परत देते. मालानं भरलेली गिळून टाकते. डोळे मिटून नुसत्या हाकेवरून मी सांगतो, खोली किती भरली आहे. त्या दिवशी आत एक पेटी नव्हती. माझी हाक परत आली नाही.

भिंती ओल्या आहेत म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नंतर आठवलं की ओल्या भिंतींनी हाक जास्तच घुमते.

मी दार लावलं नाही.

४

धाकटी दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून आली. आपला लॅपटॉप तिनं कार्डाला जोडला आणि बराच वेळ बघत बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. लहानपणी गणित अडलं की ती खालचा ओठ दातात धरायची. तसा धरला होता.

"बोल."

"कॉम्प्युटर बरोबर आहे, बाबा. तो चार नंबरला शून्यच लिहितोय. परत परत लिहितो, दर वेळी शून्य. माझं कार्ड ते शून्य घेतंसुद्धा. आणि तरी दाखवतंय एक."

"मग एक कोण लिहितं?"

"कुणीच लिहीत नाही."

"कुणी लिहिलं नाही तर दिसतो कसा?"

तिनं ओठ सोडला. "जुन्या कार्डाला त्याच्या नावानं हाक मारली तेवढंच ऐकू यायचं. माझं तसं नाही. माझं कार्ड तारेवरचं सगळंच ऐकतं, फिरक्यांचं, थर्मामीटरचं, कशाचंही. आणि मग त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचलतं. कुठून तरी जास्तीचं काहीतरी ऐकू येतंय त्याला. कुठली तरी तार सैल असेल, गुणगुणत असेल. माझीच चूक आहे. गाळणी लावायला हवी."

ती बोलत होती आणि मी पडद्याकडे बघत होतो. कॉम्प्युटर आकडे पुन्हा लिहितो तेव्हा ते किंचित थरथरतात. पापणी लवावी तसे. मला त्याची सवय आहे. चार नंबरचा एक थरथरत नव्हता.

मी तिला ते सांगितलं नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तिला कळलं असतं तर ती घाबरली असती.

५

माल यायची वेळ झाली. मालक पॅनेलवर आले.

"काका, चार नंबरचं दार उघडं का? पंखे बंद का?"

"आत एक आहे."

"कोण?"

"ते पडदा सांगत नाही."

मालकांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं छताकडे पाहिलं.

"काका, खोली गरम झाली तर माल सडेल. सांगायचं कुणाला, आत एक होता म्हणून?"

"खोली गरम झालेली नाही," मी म्हणालो आणि चार नंबरच्या थर्मामीटरच्या काट्यावर बोट ठेवलं. दार सताड उघडं, पंखे बंद, मधे दोन दुपारी होऊन गेलेल्या. काटा हललेला नव्हता. मालकांनी काट्यावर टिचकी मारली. मग जाऊन खोलीच्या दारात उभे राहिले. परत आले तेव्हा दोन्ही हात काखेत घातलेले.

"भिंती जाड आहेत," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी काळी चिकटपट्टी मागवली आणि तिचा एक तुकडा काचेवर, त्या एकवर, चिकटवला. "झालं. आता दिसत नाही. उद्या सकाळी दार लावा. नाहीतर खुर्चीवर दुसरा माणूस बसवतो. मला आवडणार नाही, पण बसवीन."

मालक गेल्यावर मुकादम म्हणाला, "दादा, लावून टाका ना. आत काही नाही. मी स्वतः पाहिलंय."

"तू लावशील?"

"मी कशाला? माझं काम पेट्यांचं."

"मग पेट्या बघ."

पट्टीच्या कडेनं हिरवा उजेड येत होता. बाकीच्या आकड्यांवर पट्टी लावली असती तरी तसाच आला असता. एवढं मला कळतं. तरी संध्याकाळपर्यंत मी माझी खुर्ची थोडी थोडी मागे सरकवत होतो, हे मला भिंतीला पाठ टेकल्यावर समजलं.

६

चार नंबरला एक दिसत होता तोवर रात्रीसुद्धा मी खुर्ची सोडली नव्हती. सकाळी धाकटी आली. पॅनेलच्या खोलीत शिरली, माझा एक दोन झाला. तिनं कार्डात नवं काहीतरी भरलं. पट्टी सोलून काढली. खाली एक तसाच.

"म्हणजे कार्ड नाही. तारच," ती म्हणाली आणि माझा जाड कोट अंगावर चढवला. "फिरकीची तार चार नंबरच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते ना? तिथली जोडणी बघून येते."

"नको."

"का?"

माझ्याकडे कारण नव्हतं. कारण नसताना नको म्हणणं मला जमत नाही.

"मुकादम जाईल."

"मुकादमांना तार आणि सुतळी यातला फरक कळत नाही, बाबा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि आज दार लागलं नाही तर तुम्हाला खुर्चीवरून उठवतील. ते मला बघायचं नाही."

तेव्हा मला समजलं की पोर माझ्या खुर्चीसाठी चालली आहे. मी उठायला लागलो.

तिनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. "आत माणूस असेल तोवर खुर्ची मोकळी सोडायची नाही. नियम कुणाचा?"

माझाच होता. मी बसलो.

ती गेली. पॅनेलवर माझा एक राहिला. पॅसेजमध्ये तिच्या बुटांचा आवाज लांब गेला. टक.

चार नंबरसमोर दोन.

खुर्चीवरून मला पॅसेज दिसतो आणि चार नंबरचं उघडं दार दिसतं, आतलं दिसत नाही. मी एक डोळा दारावर ठेवला, एक पडद्यावर. बाहेर मुकादम ट्रकवाल्याशी भांडत होता. त्या भांडणाचा मला आधार वाटला.

मग धाकटीचा आवाज आला. आतून. शब्द कळत नव्हते. ती हाक मारत नव्हती, गाणं म्हणत नव्हती. बोलत होती. थोडं बोलायची, थांबायची, पुन्हा थोडं. आपण विचारल्याला उत्तर देतो तसं.

"काय म्हणतेस?" मी ओरडलो.

आवाज थांबला. हातात पक्कड घेऊन ती दारात दिसली. हसत होती. फिरकी ढकलून बाहेर आली. टक झालं नाही. ती पुढे निघून आली तरी दांडा ढकललेला तसाच राहिला होता. मग सावकाश परत आला, आणि मग टक.

मी पडद्याकडे पाहिलं. चार नंबरसमोर शून्य. पोटात ठिपका.

दोनाचं शून्य झालं होतं. बाहेर येताना मी तिला एकटीलाच पाहिलं होतं.

७

"गेला ना?" ती पॅसेजमधूनच ओरडली. "सांगितलं होतं ना, तार! जोडणी सैलच होती." ती पॅनेलच्या खोलीत शिरली. इथलाही दांडा तिच्यामागे रेंगाळला, आणि मग टक.

माझ्या खोलीचा आकडा पडद्यावर सगळ्यात वर असतो. मी त्याच्यावर हात ठेवला. काच हाताला थंड लागली. ही काच चालू असताना कोमट असते. हात ठेवण्याआधी मी आकडा पाहिला होता. दोन हवे होते.

तीन होते.

"काय झालं? काचेवर हात का ठेवलाय?"

"धूळ आहे."

"बाबा, तुमचा चेहरा बघा. थंडी मला वाजायला हवी." तिनं कोट काढून खुंटीला लावला. "आणि किती विचारता हो तुम्ही! थंडी वाजते का, एकटीच आलीस का, घर किती लांब आहे. मी तिकडे तार बघू की तुम्हाला उत्तरं देऊ?"

मी काही विचारलं नव्हतं. मी एकदाच ओरडलो होतो, शेवटी.

"मीच विचारलं ना?" मी म्हणालो.

"मग कोण? तुमचाच आवाज. पण घर किती लांब हे काय विचारणं झालं?"

"हो. मीच," मी म्हणालो. "उगाच विचारलं."

खोली लहान आहे. खुर्ची, पॅनेल, खुंटी, पाण्याचा माठ, अंगणाकडची खिडकी आणि दार. धाकटी माझ्यासमोर उभी होती. माझी पाठ भिंतीला होती. तिच्यामागे खोलीचा कोपरा होता आणि त्या कोपऱ्याकडे मी पाहिलं नाही. तिच्या कपाळाकडे बघत राहिलो.

मला एवढंच सुचलं की जे काही इथे आहे ते माझ्या खोलीत आहे, आणि मी इथे बसायला बांधलेला आहे. पोर बांधलेली नाही. तिनं बाहेर जावं. उरलेलं मी बघून घेईन. आयुष्यभर दुसरं काय केलं?

"तू जा आता. घरी जा."

"जाते. पण शाबासकी तरी द्या. चार दिवस डोकं फोडलं."

"जा म्हणतो ना! इथे तुझं काय काम आहे? माझ्या पॅनेलवर गर्दी नको मला."

तिचा चेहरा उतरला. ती भांडत नाही, ही तिची वाईट सवय आहे. बॅग उचलून अंगणाकडच्या दाराशी गेली. फिरकी ढकलली. बाहेर पडली. मी काचेवरचा हात काढला आणि आकड्यावर नजर ठेवली. तिनाचे दोन होतील. दोन झाले की मी इथून हलणार नाही. मालक येवोत, कुणीही येवो.

दांडा रेंगाळला.

टक.

एक.

आता इमारतीत मी सोडून कुणी नव्हतं. पडदा स्वच्छ सांगत होता. नियमानं मला उठायला हरकत नव्हती. मी खुर्ची खिडकीकडे वळवली.

खिडकीतून अंगण दिसतं. उन्हात ती चालली होती, बॅग खांद्याला, मान खाली. रागावली की ती तशीच चालते. ट्रकच्या कडेनं गेली. मुकादम तिला काहीतरी म्हणाला, तिनं हात हलवला. मुकादम तिच्याकडे बघत होता, आणि मग एक पाऊल बाजूला सरकला. वाट द्यावी तसा. ती तर पुढे निघून गेली होती.

फाटकाशी पोचल्यावर तिनं झडप ढकलली, बाहेर पडली, आणि मागे न बघता ती झडप हातानं उघडी धरून ठेवली. मागून कुणी येत असलं की आपण धरतो तशी. मग सोडली.

८

चार नंबरची खोली मी त्याच दिवशी लावली. हाक मारली, ती परत आली. दुपारपर्यंत काटा चढू लागला होता, पंखे चालू करावे लागले. हंगाम संपल्यावर मालकांनी सगळं नवीन घेतलं आणि जुना मॉनिटर कार्डासकट धाकटीला दिला. तिनं तो घरी आणला. मी पक्कडीनं त्याची वायर कापली. ती दोन दिवस बोलली नाही. मग बोलली.

मुकादमाला मी एकदा विचारलं, त्या दिवशी बाजूला का सरकलास. तो म्हणाला, "ट्रक मागे येत होता ना, दादा." ट्रक उभा होता. मी पुन्हा विचारलं नाही.

धाकटी ठीक आहे. नोकरीला जाते, जेवते, माझ्यावर हसते. तिनं घरात फिरक्या बसवायचं काढलं होतं, गंमत म्हणून, मला करमेल म्हणून. मी बसवू दिल्या नाहीत. दारातून येताना ती दार जरा जास्त वेळ धरते, एवढंच. तिला ते कळत नाही आणि मी सांगत नाही.

कधीकधी मी खुर्चीवर गप्प बसलेलो असतो. ती आतल्या खोलीतून हात पुसत येते आणि विचारते, "बाबा, मला हाक मारलीत?"

"हो," मी म्हणतो. "मीच मारली."